घोडामैदान

ठराव एका वाक्याचा आहे.
"यापुढे महिला संघास 'हिरकणी' न म्हणता
दोन्ही संघांस 'शिलेदार' असेच संबोधावे."
खाली सही, तारीख, गोल शिक्का,
आणि शेजारी चहाच्या कपाचा
दुसरा गोल शिक्का.

मी पर्वती पायथ्याहून रिक्षानं आले.
बँकेतून निवृत्त, डावा गुडघा नवा,
मांडीवर पिशवी, पिशवीत शहाऐंशी सालची जर्सी.
तेव्हा मरून होती,
आता भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखी.
पाठीवरचे हि आणि र शाबूत,
क सुटलाय, णी एका टाक्यावर लोंबतोय.
अक्षरं आम्हीच कापली होती,
नाना पेठेत, हसीना मुलाणीच्या मशिनीवर शिवली,
तिच्या अम्मीनं जुनी पांढरी चादर दिली त्यातून.

नाव मात्र आम्ही मागितलं नव्हतं.
गोगटे सरांनी ठेवलं. चांगले गृहस्थ.
त्यांना वाटलं, मुली आहेत
तर नावात एखादी आई असावी.
त्याच नावाची निमआराम एसटी तेव्हा स्वारगेटहून सुटायची,
कट्ट्यावरची मुलं ओरडायची,
"आली रे आली, हात दाखवा, थांबेल!"
पहिलं वर्ष आम्ही माना खाली घातल्या.
दुसऱ्या वर्षी शालन ढमढेरे
खांबाला वळता वळता ओरडली,
"विनाथांबा!"
नाव तेव्हा आमचं झालं.

श्रावस्ती ओव्हाळ, आताची कर्णधार, वीस वर्षांची,
बुटाची नाडी आवळत म्हणाली,
"काकू, ती कडा उतरली बाळासाठी.
मानलं तिला.
पण मी कडा उतरले
तर मला उतरायचाय म्हणून उतरेन."
याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.
तिच्या वयात हे मला का सुचलं नाही
याचा थोडा रागही आला.

तरी म्हटलं, अगं, आपल्या खेळात नियम आहे.
पाठीला हात लागल्याशिवाय,
'खो' कानावर पडल्याशिवाय
उठायचं नसतं.
आमच्या पाठीला कुणी हात लावला नाही.
चाळीस वर्षं बसलो होतो त्या जागेवरून
टाइप केलेल्या कागदानं उठवलं.

ती जरा गप्प झाली.
मग म्हणाली, "शिलेदार म्हणजे काय हो नक्की?"

शाळेत पाठ केलेलं सांगितलं.
सरकारी घोड्यावर बसतो तो बारगीर.
पदरचा घोडा घेऊन येतो तो शिलेदार.

आणि सांगता सांगताच अडखळले.
मुलांना तेव्हा कॉलेजची गाडी,
सरावानंतर केळी, दोन उकडलेली अंडी,
दर जूनला कॅनव्हासचे बूट.
आम्ही पीएमटीनं, तिकीट आपापलं, डबा आपापला,
शालन तर अनवाणीच.
सोलापूरच्या स्पर्धेला
विजया घुलेनं हातातली बांगडी गहाण टाकली,
ती अजून सुटलेली नाही म्हणते,
हसत म्हणते, खरंखोटं तिलाच ठाऊक.
घोडामैदान जवळच असतं म्हणतात.
मैदान तर हेच होतं.
घोडा कुणाचा होता?

श्रावस्ती हसली नाही.
"गाडी आम्हालाही मिळते आता," म्हणाली,
"मुलांना सोडून परत आली की."

तेवढ्यात नव्या जर्सींचं खोकं फुटलं.
निळा रंग, छापील अक्षरं,
छातीवर कुठल्याशा बिल्डरचं नाव
शिलेदारपेक्षा मोठं.
साइज सगळे मुलांचे.
तिनं कमरेशी गाठ मारली
आणि धावायला गेली.

मी पिशवी उघडली नाही.
घरी येऊन क शिवला.
णी राहू दिला तसाच.
सुईत दोरा ओवायला
आता दोनदा चष्मा पुसावा लागतो.